खालचो सूर पावलो?

शेवटचं काम आम्ही नवरा-बायकोने मिळून केलं ते शिंग घासायचं.

पालखी चार दिवसांवर आली होती. पालखीपुढे वाजतं ते मोठं तांब्याचं शिंग वर्षभर देवळातल्या पेटीत असतं आणि पालखीच्या आधी घासायला आमच्या घरी येतं. बापाच्या वेळेपासून येतं. जेवणं झाली, ताटं धुतली आणि आम्ही मागील दारी बसलो. ती तिच्या दगडावर, मी पाटावर. शिंगाचे दोन तुकडे असतात, मधे जोड. रुंद तोंडाचा तुकडा तिच्या मांडीवर, निमुळता माझ्याकडे. परसातल्या झाडाची हिरवी आंबट बिंबलं तिने ठेचून घमेल्यात टाकली होती, वर मूठभर मीठ. बिंबलाच्या आंबटाने तांबं उजळतं तसं दुकानातल्या कुठल्या पावडरीने उजळत नाही. नारळाच्या सोडणाने घासत होतो.

"तुमच्याकडचो तुकडो काळोच आसा अजून," ती म्हणाली.

"रवंदे. थंय कोण बघता?"

"देव बघता."

"देवाक माझ्यापरास कमी दिसता आता."

"तुमचे दात गेले, देवाचे डोळे गेले. बरी जोडी."

मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं.

दोन्ही तुकडे धुऊन उन्हात फडक्यावर ठेवले. जोडाला खोबरेल लावल्याशिवाय तुकडे एकमेकांत घट्ट बसत नाहीत. "तेल हाडतंय," म्हणाली आणि उठली.

तिथपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. पुढचं सांगायच्या आधी शिंगाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शिंगाला भोकं नसतात, पट्ट्या नसतात. नुसती वाकडी नळी. जो काय सूर काढायचा तो ओठाने आणि पोटातल्या वाऱ्याने. बापाने मला आधी पपईचा देठ दिला फुंकायला. वर्षभर देठ. खाडीवर जायचं आणि गाल दुखेपर्यंत फुंकायचं. चौथीत शाळा सुटली, देठ सुटला नाही. मग एक दिवस बापाने पोचे आलेलं जुनं शिंग हातात दिलं. पहिल्या दिवशी त्यातून म्हैस ओरडल्यासारखा आवाज निघाला. बाप म्हणाला, म्हैस तरी निघाली, माझ्या वेळी तीसुद्धा निघाली नव्हती.

त्यानंतर बावन्न वर्षं मी देवळात शिंग फुंकलं. पहाटेला रोजचं लहान शिंग, आणि फुंक ठरलेली असते. तीनदा वरचा सूर, मग मधला लांबवायचा, आणि शेवटी खालचा. वरच्याला जोर लागतो, तो कोणीही काढेल. खालच्याला ओठ सैल सोडायचे आणि वारा मात्र धरून ठेवायचा. शिकाऊ माणसाचं तिथे फुस्स होतं. जोड जरा ढिला असला तरी पहिला जातो तो खालचाच.

लग्न होऊन ती आली तेव्हा मी देवळात पाच-सहा वर्षं वाजवत होतो. तिचं माहेर वालावलचं, तिथल्या देवळाजवळचं. पहिल्याच सकाळी मी देवळातून घरी आलो तर चहा झालेला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाली, "खालचो सूर पावलो नाय."

पावलो म्हणजे पोचला. आमच्याकडे देव पावतो तोही तोच शब्द.

कालची आलेली बाई मला सूर सांगते याचा मला राग आला. "तुका काय कळता? तू चूल सांभाळ," मी म्हटलं. तिने चूल सांभाळली. पण रोज सकाळी चहाबरोबर एक शब्द द्यायची. पावलो. नाय पावलो. कधी म्हणायची, आज आवाज कच्चो. कधी, आज करपलो. पावसात एकदा म्हणाली, आज ओलो होतो, पापडासारखो. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

माझ्याकडे आठ जण शिकून गेले. दुपारी यायचे, मागील दारी बसायचे, फुंकायचे. सगळ्या वाडीला तो आवाज पाठ होता. मी त्यांना सांगायचो, "आवाज अजून शिजलो नाय रे. मंद आंच ठेव. ओठ करपवतस कित्याक?" पोरांना वाटायचं, मास्तराकडे काय एकेक शब्द आहेत. ते शब्द माझे नव्हते. ती आत भांडी घासता घासता बोलायची ते मी बाहेर येऊन बोलायचो. बावन्न वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो, तर ती ऐकायला नाही.

आठांतले सात मुंबईला, गोव्याला गेले. एक राहिला. त्याची देवबागला बोट आहे, पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. चाळिशीचा झाला तरी माझ्यासमोर उभा राहताना टोपी काढतो. तीन वर्षांमागे माझे वरचे पुढचे दात पडले. दात नसले की ओठाला मागून आधार राहत नाही. कवळी केली. पालखीच्या दिवशी कवळी लावून फुंकलं तर कवळी शिंगात गेली आणि आतून खुळखुळली. देऊळभर माणसं हसली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आज दातसुद्धा पावले." त्या दिवसापासून शिष्य फुंकतो आणि मी शेजारी उभा राहतो. पहाटेला जायचं काही मी सोडलं नाही.

फुंकून झालं की तो आमच्या घराच्या वाटेने धक्क्यावर जायचा. मी मागून येईपर्यंत तो गडग्यापाशी, म्हणजे परसाच्या दगडी कुंपणापाशी, पोचलेला असायचा. तिथून हाक मारायचा, "काकी, पावलो?" ती मागील दारातून काय ते सांगायची. मी त्याच्या शेजारी उभा असायचो, मास्तर मी, आणि हा बाईला विचारायला जायचा. मला ते लागायचं. एकदा बोललोसुद्धा. तो म्हणाला, "काकानू, तुम्ही जवळ उभे आसतास. जवळ सगळाच बरा वाटता."

तारकर्लीला एका घरगुती लॉजमध्ये एक म्हातारा गोरा उतरला होता. चेक देशाचा. शिष्य त्याला बोटीतून फिरवत होता. गोऱ्याने पहाटे शिंग ऐकलं आणि विचारलं, हे कोण वाजवतं? शिष्य म्हणाला, मी. मग तो माझ्याकडे घेऊन आला. शिष्याला पाहुण्यांमुळे इंग्रजी बोलता येतं, त्यानेच इकडचं तिकडे केलं.

त्या माणसाच्या देशाला समुद्र नाही. तरी त्याच्या वरच्या ओठावर बरोब्बर माझ्यासारखाच वळ होता, शिंगाच्या तोंडाचा. आम्ही दोघं एकमेकांच्या ओठाकडेच बघत होतो. त्याने फोनवर त्याचं वाद्य दाखवलं. पितळेचं शिंगच, पण सापासारखं वेटोळं केलेलं, त्याला चाव्या. त्याच्या गावात बँड होता, तिथे एका म्हाताऱ्याने त्याला शिकवलं. पुढे मोठ्या वाद्यवृंदात गेला. शंभर माणसं एकदम वाजवणारी, त्यात शिंगवाले चार. हा चौथा. चौथ्याकडे खालचे सूर. तीस वर्षं त्याने खालचे सूर वाजवले.

"तो म्हणता, खालच्या सुराक कोण टाळये वाजवणत नाय," शिष्याने सांगितलं. "पण चुकलो तर मगे सगळे बघतत."

"विचार त्येका, वाजवणा सोडला कित्याक?"

"दात," शिष्य म्हणाला, आणि आम्ही तिघेही हसलो. दात गेल्यावर तो शाळेत शिकवायला लागला. घरी बायको होती, तीही गेली. म्हणून फिरत होता.

मी खुंटीवरचं जुनं शिंग त्याच्या हातात दिलं. त्याने पुसलं, फिरवून बघितलं, डोळे मिटले आणि खालचा सूर काढला. एकच. मी माझ्या आयुष्यात असा काढला नाही. मागील दारी ती पाठमोरी बसून बांगडे साफ करत होती. मान न वळवता म्हणाली, "ह्येचो पावलो."

शिष्याने ते इंग्रजीत सांगितलं. गोरा हसला. मग त्याने काहीतरी विचारलं.

"काकी, तो विचारता, तुमका खालचोच सूर कित्याक व्हयो? वरचे बरे नाय?"

ती म्हणाली, "वरच्यांचा माका काय करूचा? खालचो पावलो म्हणजे ह्यांचा संपला. म्हणजे चाय ठेवूची. हे चलत घराक येईसर चायेक कढ येता. पावलो नाय तर माका कळात कसा?"

बावन्न वर्षांतली चाळीसच्या वर वर्षं मी समजत होतो की ही माझ्या चुका काढते. गोरा हसायचा थांबला. जाताना त्याने तिच्यासमोर वाकून नमस्कार केला, तिच्या हाताला मासळीचा वास असताना. ती लाजली. "गोऱ्यांका काय तरी," म्हणाली.

आता ती दुपार.

ती तेल आणायला उठली. दाराच्या चौकटीला हात लावला आणि तिथेच खाली बसली. मग आडवी झाली. मला वाटलं पाठ टेकली. मधून मधून टेकायची. मी म्हटलं, "कामचुकार गो तू. उठ." तिच्या कानावर माझं शेवटचं तेच गेलं की नाही, माहीत नाही. गेलं नसलं तर बरं.

जवळ गेलो तर तोंड एका बाजूला ओढलं होतं. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. श्वास घशात अडकत होता. मी हाका मारल्या. पाणी लावलं. मोबाइल तिचा. मला आलेला फोन उचलता येतो, लावता येत नाही. ती शिकवायला बघायची, मी म्हणायचो, तू आसस मा. आता दाबला तर त्याने बोटाने कसल्या रेघा ओढायला सांगितल्या. त्या रेघा तिलाच माहीत.

आमचं घर माडांच्या पार टोकाला, खाडीच्या अंगाला. बाहेर येऊन ओरडलो. दात नसलेल्या म्हाताऱ्याचं ओरडणं किती लांब जाणार? वाडी जेवून झोपलेली. तिला एकटी टाकून जायला पाय निघेना. मग फडक्यावरचं शिंग दिसलं.

दोन तुकडे जोडले. जोडाला तेल नव्हतं, ढिला बसला. तोंडाला लावलं तर बिंबलाचा आंबटपणा अजून होता. फुंकलं. जोडातून वारा सुटला. वरचा सूर किंचाळला, मधला फाटला, खाली फुस्स. परत फुंकलं. डोळ्यांसमोर काळं येईपर्यंत फुंकत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मधे मधे थांबून वाटेकडे बघायचो आणि तिच्याकडे बघायचो.

कोणी आलं नाही.

का येतील? या घरातून दुपारी शिंग ऐकू येतं ते वाडीला नवीन नाही, आणि ते बहुतेक वेळा फाटकंच असतं. शिकवणीचं असतं. शिंग सगळ्यांना पावलं. फुंकण्यात काहीतरी बिघडलंय हे नुसतं ऐकून ओळखणारं माणूस गावात एकच होतं आणि ते माझ्या पायाशी पडलेलं.

शेवटी मी तिला तिथेच ठेवून निघालो. शेजारचं घर लांब नाही, पण माझे गुडघे मला माहीत. शेजारीण पडवीत चटईवर आडवी झाली होती. मला बघून उठून बसली आणि हसत म्हणाली, "काय ओ, नवो शिष्य गावलो वाटता? मेलो काय फाटको वाजयता."

मी तसाच उभा. हातात शिंग. ते बरोबर घेऊन आलोय हेही मला माहीत नव्हतं. मग तिने माझं तोंड बघितलं.

पुढे सगळे धावले. वाडीतला एकही माणूस घरात बसला नाही, हे सांगायला पाहिजे. रिक्षा आली, दवाखान्यात नेली. ती वाटेतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला नसता." चांगला माणूस. पण "फार" म्हणाला. तो एक शब्द त्याने घातला नसता तर मला जरा झोप लागली असती.

मुलगी कुडाळला दिलेली, ती आली. संध्याकाळी सगळं आटोपलं. देवळातून दोघे आले, शिंगावर पाणी शिंपडलं आणि फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मयत झालेल्या घरात देवाची वस्तू ठेवता येत नाही. त्यांची चूक नाही, रीत आहे. जोडाला तेल लावायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोजच्या वेळेला जाग आली. उठलो, टोपी घातली, उंबऱ्यापर्यंत गेलो. मग आठवलं की सुतक आहे, देवळात जाता येणार नाही. मुलगी भिंतीला टेकून झोपली होती. मी मागील दारी गेलो. घमेल्यात कालचं बिंबलाचं पाणी तसंच होतं, हिरवट, वर मुंग्या. मी तिच्या दगडावर बसलो. त्या दगडावर मी कधी बसलो नव्हतो. दगड मधे झिजून तिच्या बैठकीचा झाला होता.

देवळात शिंग वाजलं.

मी ते उभ्या आयुष्यात घरून ऐकलं नव्हतं. वाजत असताना मी कायम तिकडे. वरचे तीन सूर आले ते माडांतून आणि खाडीवरून फिरून आले, धार गेलेले, जवळ ऐकतो त्यापेक्षा वेगळेच. मधला आला आणि वाऱ्याने अर्ध्यात नेला. मग मी खालच्याची वाट बघितली. किती वेळ बघायची तेही मला माहीत नव्हतं. ती किती वेळ बघायची, कधी विचारलं नाही. काडेपेटी हातात घेऊन बसायची की आत जाऊन बसायची, तेही नाही.

खालचा आला नाही.

थोड्या वेळाने शिष्य गडग्यापाशी आला. सवयीने थांबला. तोंड उघडलं, "काकी, पाव..." आणि मी दिसलो. तो तसाच उभा राहिला. डोळे सुजलेले.

"काकानू," तो म्हणाला, "काल दुपारी मी आयकलंय."

त्याने गडग्यावर हात टेकले.

"धक्क्यार होतंय. बोटीत माणसा बसयत होतंय. माका वाटला, तुमका नवो कोणतरी गावलो शिकूक. मी हसलंय, काकानू. बोटीवाल्यांका सांगलंय, आयका, आमच्या मास्तरांका ह्या वयात शिष्य गावलो, आणि तो म्हशीसारखो वराडता." त्याने हाताने तोंड पुसलं. "तुमचा शिंग माका ओळखूक येवूक नाय. इतकी वर्षां शिकलंय तुमच्याकडे. काकीन पयल्या फुंकेक ओळखला असता."

तुझी चूक नाही असं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. काल तू आला असतास तर, हे मनात आलं, तेही बोललो नाही. तो जाईना. खाली मान घालून उभा. मग हळूच विचारलं, मला की कोणाला ते कळलं नाही.

"आज पावलो?"

पावलो म्हटलं असतं तर तो सुटला असता. धक्क्यावर गेला असता, बोट काढली असती. पण हा प्रश्न माझा नव्हता, तिचा होता, आणि ती त्यात कधी खोटं बोलली नाही. माझ्याशीसुद्धा नाही.

"नाय पावलो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. वळला आणि आल्या वाटेने परत देवळाकडे गेला.

मी बसून राहिलो. उजाडत होतं. आणि मग देवळातून शिंग आलं. वेळ नसताना, वरचे सूर नाहीत, मधला नाही. नुसता खालचा. एकच, लांब, माडांच्या मुळातून यावा तसा आला आणि परसात येऊन थांबला.

वाडीतली चार दारं उघडली. शेजारीण केस न बांधता पाणंदीत आली. कोणीतरी ओरडून विचारलं, "काय झाला रे? शिंग कित्याक वाजला? कोणाक काय झाला?" माणसं धावत देवळाच्या दिशेने निघाली. काल निघाली नव्हती. आज निघाली.

मी उठलो. सुतकाच्या घरात पहिले दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारचे आणून देतात. मला ते माहीत आहे. मी आत गेलो, गॅस पेटवला आणि चहा ठेवला.